पट्टीखालचे टाके

गल्लीत सगळे तिला मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध दहावीतच सुटला होता आणि तिने कधी कोणाला काही शिकवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. वडील टेलरमास्तर होते. त्यांच्या मागे दुकान तिच्याकडे आलं आणि दुकानाबरोबर मास्तरकीही आली, एवढाच त्याचा अर्थ. नवे कपडे शिवून घेणारी गिऱ्हाइकं आता उरली नव्हती. लोक तयार कपडे विकत घेत आणि ते अंगाला बसत नाहीत म्हणून हिच्याकडे घेऊन येत. कोणाची कंबर आत घ्यायची, कोणाची सोडायची, कोणाच्या बाह्या आखूड करायच्या. गल्लीत कोणाचं पोट सुटलं आणि कोणाचं उतरलं हे तिला त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. पण तिच्या तोंडून कधी ब्र निघायचा नाही, आणि त्यासाठीच लोकांना ती आवडायची.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची लेक राहत. दुकानातल्याच एका कोपऱ्यात पडदा लावून ट्रायल रूम केलेली होती. आत एक उंच आरसा, एक खुंटी आणि उभं राहायला बेताची जागा. गिऱ्हाईक आत असेल तेवढाच वेळ पडदा ओढलेला. एरवी तो कायम बाजूला सारून हुकाला अडकवलेला असायचा. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "हवा खेळती राहते." हवेचा काही संबंध नव्हता. ओढलेल्या पडद्याकडे तिला बघवायचं नाही, हे खरं कारण होतं.

ती नुकती दुकानात बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी दुकान बंद असायचं. बटणांचा डबा घ्यायला म्हणून ती आत आली, तर पडदा ओढलेला. पडद्याखाली वडिलांचे अनवाणी पाय दिसत होते आणि टेपचं पितळी टोक फरशीवर लोळत होतं. टेप वर सरकला, जरा थांबला, पुन्हा खाली आला. पुन्हा वर गेला. माप काही मनासारखं येत नसावं. मग वडिलांनी इतका लांब श्वास सोडला की पडदा हलला. ते बाहेर आले, तिला बघून हसले आणि म्हणाले, "काही नाही. माप विसरलो होतो."

स्वतःचं माप कोण विसरतं, असं तिने विचारलं नाही. त्या घरात असलं काही विचारायची रीतच नव्हती.

या घराण्यात दुखणं बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत अंगावरचे कपडे उतरवण्यासारखं होतं. संकट आलं की सगळे हसतमुख होत. आजोबांनी सुजलेल्या दाढेने अख्खं लग्न पार पाडलं होतं आणि त्याचं कौतुक घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. दोन शब्दांवर सगळ्यांचं भागायचं. स्वतःबद्दल कोणी विचारलं तर "काही नाही", आणि फारच खोदून विचारलं तर "तुला कशाला". अपवाद फक्त आत्या. वडिलांची ही थोरली बहीण जरा काही झालं की घर डोक्यावर घ्यायची. राग आला की ताटं आपटायची, रडू आलं की गळा काढायची, आणि साधी शिंक आली तरी डॉक्टरच्या दारात जाऊन बसायची. डॉक्टर वैतागून म्हणायचे, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. ती म्हणायची, मग होईपर्यंत थांबू का? घरात सगळे तिला भोंगा म्हणत. भोंगा आला, दारं लावा. मुलं तर तिची नक्कल करून करून लोळायची, आणि त्यांत मास्तरीण सगळ्यांत पुढे.

वडील भरल्या अंगाचे होते. त्यांचे कपडे नेहमी अंगावर ओतल्यासारखे बसायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. एका दुपारी मशीनवरच ते कोसळले. हॉस्पिटलात नर्सने त्यांचे कपडे काढले तेव्हा आतून निघालेलं ते माणूस कोणाला ओळखता येईना. आतड्यात गाठ होती, बरीच जुनी. अंग झडत गेलं, तसतसे ते पडद्याआड उभे राहून माप घेत गेले आणि कपडे आत घेत गेले. सैल सदरा कोणाच्या तरी डोळ्यांत आला असता. मापात बसलेला सदरा कोणाच्याच डोळ्यांत आला नाही. बायकोच्या नाही, पोरांच्याही नाही. ते गेले त्या दिवशी सगळं घर खाली मान घालून गप्प बसलं होतं, आणि आत्या एकटी त्यांच्या उशाशी ओरडत होती, "मेल्या, मला सांगायचं होतंस. मी तुला फरफटत नेला असता." मेलेल्या माणसाला मेल्या म्हणते म्हणून तेव्हाही कोणाला तरी हसू फुटलं होतं.

कंबर आत घ्यायची वडिलांची एक खास पद्धत होती. दुसरे शिंपी सरळ मागची शिवण उसवतात आणि मशीन मारून मोकळे होतात. वडील कंबरेची पट्टी आतून उचलायचे आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक चूण हातानेच धरायचे. दोन टाके तिरके, एक सरळ, पुन्हा दोन तिरके. मग पट्टी खाली बसवून इस्त्री. बाहेरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. आतून बोट फिरवलं तरच ती गाठीगाठींची रेघ लागायची. मास्तरीण आणि तिचा दादा लहानपणी चिंध्यांवर हे टाके घालायची पैज लावत. दादा नेहमी जिंकायचा. पुढे तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून झाला आणि त्याने सुई हातात धरल्याचं तिने पुन्हा पाहिलं नाही.

दादा विनोदी माणूस होता. कचेरीत साहेब त्याच्यावर खेकसायचा, तो घरी येऊन साहेबाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. त्याची बढती दोनदा हुकली, तेव्हाही त्याने मजाच केली. मास्तरिणीचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा आलेल्या माणसांना ती चहा देत फिरत होती आणि दादा दारात उभा राहून, सगळं कसं व्यवस्थित चाललंय, असं लोकांना सांगत होता. बहीणभाऊ एकमेकांना शोभत होते.

तो गेला वडिलांसारखाच, त्याच आजाराने. सगळ्यांना कळलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. काही आठवड्यांनी वहिनी त्याच्या पँटींचं गाठोडं घेऊन दुकानात आली. "कोणाला तरी उपयोगी पडतील," ती म्हणाली. "कंबर तेवढी सोडून दे. हल्ली फार अंगासरशी झाली होती त्याची."

मास्तरिणीने पहिल्या पँटीची पट्टी उचलली आणि तिचे हात थांबले. दोन तिरके, एक सरळ, पुन्हा दोन तिरके. पुरुषाच्या हाताचे टाके, जरा ताणलेले. तिने ती चूण उसवली, तर तिच्या आत आणखी एक निघाली. ती उसवली, तर आणखी एक. दोन्ही बाजूंच्या चार-चार चुणा उसवून झाल्या तेव्हा टेबलावर एका धष्टपुष्ट माणसाची पँट पसरलेली होती. तिच्या लग्नात नाचला होता, तेव्हाचा दादा. वहिनी समोर बसून चहा पीत होती. तिने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही," मास्तरीण म्हणाली.

दादाच्या डॉक्टरांकडे ती एकदाच गेली. राहिलेले कागद आणायचं निमित्त होतं, पण उठता उठता तिने विचारलं, "डॉक्टर, आमच्या घरात सगळे मनातल्या मनात ठेवतात. त्याने होतं का हे?"

डॉक्टर वयस्क होते, घाईत नव्हते. "तसं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कुढण्याने गाठ होते असं छातीठोकपणे सांगायला मी धजणार नाही. हा आजार काही घराण्यांत उतरतो, ते मात्र खरं. वडील, मग भाऊ. लवकर सापडला तर बहुतेक वेळा निभावतं. तुमच्या घरातली माणसं माझ्यापर्यंत येतात तीच मुळी शेवटी. तुम्ही तपासून घ्या. आणि मुलगी आहे ना तुम्हाला? तिलाही सगळं सांगा."

"हो, हो, सांगते ना," ती हसून म्हणाली.

तपासून घेतलं नाही. लेकीलाही सांगितलं नाही. उगाच पोरीच्या डोक्याला घोर कशाला, असा तिचा हिशोब होता. मामाला काय झालं होतं, असं लेकीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोटाचं काहीतरी." विषय संपला. राग येतो तो इथे. वडिलांचे पाय पडद्याखाली बघितलेली ही बाई, दादाच्या चार-चार चुणा स्वतःच्या हातांनी उसवलेली ही बाई, आणि तिनेच तोंडाला कुलूप घालून घ्यावं. पण कुलूप तिने घातलेलं नव्हतंच. ती जन्मली तेव्हाच ते होतं, किल्ली तेवढी कुठे दिसत नव्हती.

असाच काही काळ गेला. मग एका सकाळी तिने तिचा निळा ड्रेस घातला. कंबरेला पट्टी असलेला, तिचा ठेवणीतला. पट्टी सारखी करताना तिचा अंगठा आत गेला आणि गाठीगाठींच्या रेघेवर थांबला.

ती दुकानात एकटीच होती. पडदा हुकाला होता, आरसा उघडा होता. तिने आरशापुढे उभी राहून पट्टी उलटवली. दोन्ही बाजूंना दोन-दोन चुणा. टाके तिचेच होते, धागाही तिच्याच रिळाचा. पण हे काम आपण कधी केलं हे तिला काही केल्या आठवेना. गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगात स्वतःचा ड्रेस ओढून घेतला असेल, हात चालले असतील. हातांनी डोक्याला कळवलंच नव्हतं. तिने वर पाहिलं. आरशात तिचे गाल बसलेले होते, आणि उभं राहायची ढब, एक खांदा जरा खाली, हुबेहूब वडिलांची होती. आपल्या अंगात कोणीतरी उभं राहून टेप लावतंय असं तिला वाटलं, आणि ते वाटणं दिवसभर गेलं नाही. तेव्हा कुठे तिने बाकीचं एकमेकांना जोडलं. जेवण जात नव्हतं, शौचाला रक्त दिसलं होतं, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःलाच म्हणाली होती, काही नाही.

आता लेकीला सांगायचं, असं तिने ठरवलं.

लेक फोन कंपनीच्या तक्रार विभागात कामाला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि गोड आवाजात म्हणायचं, मी समजू शकते. तिथे जो कोणी जास्त तमाशा करेल त्याचा फोन हिच्याकडे वळवत, कारण हिचा आवाज कधी चढायचा नाही. त्याबद्दल तिला एक कप मिळाला होता, तो दुकानात सुया ठेवायला वापरत. आईला लेकीच्या शांतपणाचं फार कौतुक होतं. आता जेवताना लेकीचा तो शांत चेहरा समोर आला आणि आईने तोंड उघडलं.

"काय, आई?"

"मीठ दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिने प्रयत्न केला. त्या दिवशी पंख्याचा आवाज फार होतो असं काहीतरी बोलून झालं. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथे कोणीतरी हसतमुखाने दार लावून घ्यायचं. तिसऱ्या प्रयत्नात तिने बोलायचा नाद सोडला आणि जे येत होतं ते केलं. ब्लेड घेतलं आणि निळ्या ड्रेसच्या सगळ्या चुणा उसवून टाकल्या. तो घालून ती संध्याकाळी लेकीसमोर जेवायला बसली. ड्रेस तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल. पोरगी विचारेल, आणि विचारलं की आपल्याला सांगावंच लागेल.

लेकीने पाहिलं. ड्रेसकडे, कंबरेकडे, मग आईच्या तोंडाकडे. तिचा घास क्षणभर हातात राहिला. मग ती हसली आणि म्हणाली, "आज भाजी छान झालीये."

सकाळी मास्तरीण दुकान उघडायला आली आणि दारातच खिळली. ट्रायल रूमचा पडदा ओढलेला होता.

खाली पाय दिसत नव्हते. टेपही नव्हता. तरी तिला पुढे पाऊल टाकवेना. तो लांब श्वास आता ऐकू येईल, पडदा हलेल, असं वाटून ती मशीनला धरून उभी राहिली. शेवटी तिने हात लांब करून पडदा सारला. आत खुंटीला निळा ड्रेस टांगलेला होता, कडक इस्त्री केलेला, कंबरेत नेटका. आरशात त्याची पाठ दिसत होती. रात्री तिने तो खुर्चीवर टाकला होता, लोंबणारा.

पुन्हा माझेच हात, हा तिचा पहिला विचार. तिने पट्टी उलटवली. दोन तिरके, एक सरळ, पुन्हा दोन तिरके. पण तिरक्या टाक्यांचा कल उलटा होता. वडिलांचे, दादाचे आणि तिचे टाके उजवीकडे झुकत. हे डावीकडे झुकले होते. घरात डावखुरी एकच होती.

लेकीला हे कोणीच शिकवलं नव्हतं. दादाच्या पँटी उसवल्यानंतर तर मास्तरिणीने तो टाका गिऱ्हाइकाच्या कपड्यांनाही घालायचा नाही असं ठरवलं होतं. पण लहानपणी ही पोरगी टेबलाखाली चिंध्यांत बसलेली असायची, आणि टेबलाखालून सगळं दिसतं.

लेक पाठीमागच्या खोलीत कामावर जायच्या तयारीत होती, वाकून बूट घालत होती. आई ड्रेस हातात घेऊन दारात उभी राहिली.

"हा तू आत घेतलास?"

"हो. सैल झाला होता." लेक मान वर न करता म्हणाली. "पडदा मीच ओढला. दुकान उघडलं की धूळ बसते."

"का सैल झाला ते विचारलं नाहीस."

"तुला सांगायचं नसेल म्हणून." मग लेकीने मान वर केली आणि ती हसली. ते हसू मास्तरिणीने वडील पडद्यातून बाहेर येताना पाहिलं होतं. साहेबाची नक्कल करतानाही पाहिलं होतं. गेल्या पंधरवड्यात आरशातही पाहिलं होतं.

किती मायेने केलं होतं पोरीने. जागून, काळजीने, एकही टाका बाहेर दिसू न देता. आई आजारी आहे हे तिला कळलं होतं आणि आईची लाज झाकायला तिने सुई घेतली होती. उद्या तिच्या स्वतःच्या अंगावर वेळ येईल तेव्हाही ती हेच करेल. स्वतःच्या मरणाची भीती तिला इतके दिवस गिळता आली होती. ही भीती गिळता येईना.

नेहमीचं "काही नाही" ओठांवर आलं. तिने ते तिथेच दाबलं आणि तोंड उघडलं, तर आत्याचा आवाज बाहेर पडला. तिला स्वतःलाच तो ओळखू आला. फाटका, गल्लीभर जाणारा, लाज नसलेला.

"मी आजारी आहे. ऐकतेस का? मला रक्त जातंय, माझं वजन उतरतंय, मला भीती वाटते. तुझे आजोबा असेच गेले, तुझा मामा असाच गेला. कपडे आत घेत घेत गेले दोघं आणि कोणाला कळू दिलं नाही. मला मरायचं नाही. आणि तू हे काय शिकलीस, कोणी सांगितलं होतं तुला हे शिकायला."

समोरच्या किराणावाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मास्तरिणीने हातातला ड्रेस जमिनीवर आपटला, आणि ताट नव्हतं म्हणून वाचलं. ती ओरडतच राहिली, ओरडता ओरडता रडायला लागली, आणि तिला रडताना या घरात पहिल्यांदाच कोणीतरी पाहत होतं.

लेक जागची हलली नाही. तक्रारी ऐकायची तिला सवय होती. ती म्हणू शकली असती, मी समजू शकते. पण तिचा डावा हात हळूहळू स्वतःच्या पँटीच्या पट्टीवर गेला आणि तिथे झाकल्यासारखा बसला.

मास्तरीण शिंपीण होती. तिने तो हात पाहिला आणि तिचं रडणं तुटलं. ती पुढे आली, लेकीचा हात बाजूला केला, आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसा अंगठा पट्टीच्या आत फिरवला. डावीकडे झुकलेले टाके लागले.

"कधीपासून?"

"एवढ्यातच." लेकीचा आवाज गोड राहिला नव्हता. "पोटात दुखतंय, जेवण जात नाही. म्हटलं तुला कशाला. तूच बारीक होत चाललीयेस."

आईने अंगठा दुसऱ्या बाजूला नेला, पुन्हा पहिल्या बाजूला आणला. एकेकच चूण होती. दादाच्या पँटीत चार-चार होत्या. ती पुन्हा पुन्हा बोट फिरवून खात्री करत राहिली, दुसरी लागतेय का. दुसरी नव्हती.

तिने दुकानातून ब्लेड आणलं. गुडघ्यांवर बसून लेकीच्या पँटीची पट्टी उलटवली आणि दोन्ही बाजूंचे टाके उसवले. मग जमिनीवरचा निळा ड्रेस उचलून त्याचेही उसवले आणि तोच अंगात घातला. लेक तिच्याकडे बघत उभी होती, एका हाताने पँट धरून.

"अशीच चल," आई म्हणाली. "बघू देत लोकांना."

ट्रायल रूमचा पडदा तिने हुकाला अडकवला, दुकानाला कुलूप लावलं, आणि किराणावाल्याने कुठे निघालात म्हणून विचारलं तेव्हा त्याला मोठ्याने सांगितलं, "हॉस्पिटलात. दोघी."